पीएमएमसीच्या जोडीला डीपी फ्लॅप: आखणी, उचल आणि एकवीस दिवसांचा हिशेब

तिसरं_वर्ष यांचा प्रश्न

नमस्कार. प्रश्न गालाच्या आरपार डिफेक्टचा (गाठ काढल्यावर उरणाऱ्या पोकळीचा) आहे. खालची हिरडी आणि गाल यांच्यामधल्या खोबणीतला कॅन्सर, बाहेरची कातडी धरलेली. जबड्याचा तुकडा आणि त्यावरची कातडी दोन्ही काढावी लागणार. आतलं अस्तर अंदाजे ७ × ५ सेंमी जाईल, बाहेरची कातडी ६ × ६ सेंमी. ओठाचा कोपरा वाचतोय. रुग्ण बाई आहेत, साठीच्या आसपास, स्तन मोठे आणि ओघळलेले. मधुमेह नाही, मिश्रीची सवय आहे. नंतर रेडिएशन लागणार हे आत्ताच दिसतंय.

मायक्रोस्कोप आणि रक्तवाहिन्या जोडणारी टीम इथे नाही, म्हणजे मांडीचा किंवा मनगटाचा फ्री फ्लॅप (पूर्ण सोडवून, वाहिन्या नव्या जागी जोडून बसवलेला कातडीचा तुकडा) बाद. एकच पीएमएमसी (छातीच्या पेक्टोरॅलिस मेजर स्नायूसकट उचललेली कातडी) दुमडून आत-बाहेर दोन्हीकडे वापरतात, पण या छातीवर ते जमेल असं वाटत नाही. म्हणून आतल्या अस्तराला पीएमएमसी आणि बाहेरच्या कातडीला डीपी (डेल्टोपेक्टोरल, म्हणजे छाती ते खांदा असा कातडीचा पट्टा), असं ठरतंय.

डीपी आता फारसा केला जात नाही, त्यामुळे बघायला मिळत नाही. नेमकं विचारायचं ते हे: छातीवर रेघा कुठे मारायच्या आणि खांद्यावर कुठे थांबायचं? आधी डिले (फ्लॅप टप्प्याने उचलणं) करायचा का? एकाच बाजूने दोन्ही फ्लॅप उचलताना एकामुळे दुसऱ्याचा रक्तपुरवठा जाऊ नये म्हणून चीर कशी घ्यायची? आणि पेडिकल (रक्तपुरवठा आणणारा देठ) कधी कापायचा?

---

पाचवी_बरगडी

डॉक्टर, तुमची निवड बरोबर आहे. रेघांकडे वळण्याआधी एक चौकशी करा, कारण ती राहून जाते: बाईंची बायपास झाली आहे का? डावी इंटर्नल मॅमरी धमनी हृदयाला जोडली असेल तर डाव्या बाजूचा डीपी विसरा. त्या बाजूच्या छातीवर पूर्वी रेडिएशन झालंय का, पेसमेकर आहे का, हेही बघा. आणि भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच सांगा की त्या बाजूच्या सबक्लेव्हियन शिरेत लाइन नको.

डीपी समजायचा तर तो तीन तुकड्यांचा आहे असं धरा. स्टर्नमलगतच्या (छातीच्या मधल्या हाडालगतच्या) तुकड्याला इंटर्नल मॅमरीचे पर्फोरेटर, म्हणजे स्नायू भेदून कातडीकडे येणाऱ्या वाहिन्या, रक्त देतात, बरगड्यांमधल्या पहिल्या ते चौथ्या फटीतले. त्यात दुसरा बहुधा सगळ्यांत जाड, त्याखालोखाल तिसरा. मधल्या तुकड्याला थोरॅकोअॅक्रोमिअल धमनीची कातडीकडे येणारी फांदी. खांद्यावरच्या तुकड्याला डेल्टॉइड स्नायूतून वर येणाऱ्या बारीक वाहिन्या. फ्लॅप उचलला की मधली आणि खांद्यावरची दोन्ही रसद आपण स्वतः कापतो. उरतात फक्त स्टर्नमकडचे पर्फोरेटर, आणि त्यांच्यावर आख्खा पट्टा जगायचा असतो. डेल्टॉइड आणि पेक्टोरॅलिसमधल्या खोबणीपर्यंत ते रक्त खात्रीने पोचतं. खोबणीपलीकडचं टोक कातडीखालच्या जाळ्यातून झिरपणाऱ्या रक्तावर असतं. टोक काळं पडण्याचं मूळ इथे आहे. टाके कितीही हळुवार घातले तरी हे बदलत नाही.

आता रेघा. रुग्णाला बसवून आखा, कारण आडवं केल्यावर ओघळलेला स्तन काखेकडे सरकतो आणि कातडीही त्याच्याबरोबर जाते. वरची रेघ क्लॅव्हिकलच्या (गळ्याच्या हाडाच्या) लगेच खालून, स्टर्नमपासून अॅक्रोमिअनकडे (खांद्याच्या टोकाच्या हाडाकडे). खालची रेघ तिला समांतर, चौथ्या फटीच्या पातळीवरून काखेच्या पुढच्या घडीच्या टोकाकडे आणि तिथून खांद्यावर. खालच्या रेघेसाठी स्तनाग्राची खूण धरायची सवय असते. ती पुरुषात चालते. तुमच्या रुग्णात स्तनाग्र दोन-तीन बरगड्या खाली उतरलेलं असेल, म्हणून बोटाने बरगड्या मोजा. स्टर्नमवरचा उंचवटा सापडला की त्याच्या शेजारी दुसरी बरगडी, तिथून खाली मोजत या. बेस (पट्टा जिथे छातीला जोडलेला राहतो ती बाजू) स्टर्नमच्या कडेपासून २ सेंमी बाहेर, त्याच्या आत सुरी नाही आणि बोथट डिसेक्शनही नाही. हातातला डॉप्लर (रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र) असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या फटीतले आवाज ऐकून पेनाने टिंबं ठेवा. रुंदी ८ ते १० सेंमी ठेवा. ६ सेंमीच्या डिफेक्टला ६ सेंमीचा पट्टा घेण्याचा मोह नको. रुंद बेस म्हणजे जास्त पर्फोरेटर.

लांबी मोजताना सर्वांत जास्त चुका होतात. पट्टा वर वळतो तेव्हा बेसचा वरचा कोपरा दुमडतो आणि खालचा कोपरा खुंट्यासारखा जागेवर राहतो. ताण त्या खुंट्यापासून पट्ट्याच्या टोकापर्यंतच्या रेघेवर येतो. म्हणून वरच्या कोपऱ्यापासून मोजलेली लांबी टेबलावर हमखास तोकडी निघते. गॉजची लांब पट्टी घ्या. तिचं एक टोक खालच्या कोपऱ्यावर बोटाने दाबून धरा, दुसरं डिफेक्टच्या सर्वांत लांबच्या कडेपर्यंत न्या. डोकं सरळ असू द्या, फ्लॅपच्या बाजूला झुकवून मोजू नका. मग बोट न उचलता पट्टी तशीच खांद्याकडे फिरवा आणि जिथे पोचेल त्याच्या दोन बोटं पुढे खूण करा. ही खूण डेल्टॉइडच्या पुढच्या गोलाईवर आली तर पुढे जा. गोलाई ओलांडून खांद्याच्या मागच्या उतारावर गेली तर डीपी एका बैठकीत उचलू नका.

डिलेबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डिले म्हणजे १० ते १४ दिवस आधी पट्ट्याच्या वरच्या-खालच्या चिरा घेऊन टोक उचलायचं, थोरॅकोअॅक्रोमिअलची फांदी बांधायची आणि सगळं परत जागेवर शिवायचं. पद्धत चांगली आहे, टोक खरंच सुधारतं. पण गाठ वाढत असताना दोन आठवडे देणं मला पटत नाही. खूण गोलाईच्या आत असेल तर डिलेची गरज नाही, आणि बाहेर असेल तर दुसरा फ्लॅप शोधा. तुमच्या ६ सेंमीच्या डिफेक्टला, ओठाचा कोपरा शाबूत असताना, पट्टा गोलाईच्या आत पुरेल. डिफेक्ट झायगोमाच्या (गालाच्या हाडाच्या) वर चढला तर मात्र पुन्हा मोजा.

उचलताना खांद्याकडून स्टर्नमकडे या. डेल्टॉइडवरचं डीप फॅशिया (स्नायूवरचं आवरण) फ्लॅपबरोबरच उचला. खाली लाल, उघडे स्नायूतंतू दिसले म्हणजे पातळी बरोबर आहे. तंतूंवर पांढरट पापुद्रा उरला असेल तर तुम्ही वर आहात आणि टोकाचं जाळं फाटतंय. खोबणीत सेफॅलिक शीर दिसेल, ती खाली स्नायूबरोबर राहू द्या. थोरॅकोअॅक्रोमिअलची फांदी तिथेच भेटते. ती स्नायूलगत बांधा, फ्लॅपच्या पोटाला चिकटून कॉटरी (विजेने जाळणं) करू नका. कातडी सोललेला पट्टा चिमट्याने धरू नका, कडेला दोन रेशमी टाके घालून त्यांनी उचला. शेवटचे ४ सेंमी सावकाश, आणि पहिला पर्फोरेटर दिसला की थांबा. तो सोडवून लांबी वाढवायच्या मागे लागू नका.

खांद्यावरची उघडी जागा स्प्लिट ग्राफ्टने (दुसरीकडून काढलेल्या पातळ कातडीने) झाका. स्नायूवर ग्राफ्ट छान धरतो, पण खांदा हलला की सरकतो, म्हणून टाय-ओव्हर (ग्राफ्ट दाबून धरणारं, टाक्यांनी बांधलेलं ड्रेसिंग) बांधा आणि दंड छातीशी सैल बांधून ठेवा. पाचव्या दिवशी उघडा. छातीच्या आतल्या बाजूला ग्राफ्टची घाई नाही, उरलेला पट्टा तिथे परत येणार आहे. तोवर पॅराफिन गॉज पुरतं.

पेडिकलचं वेगळं लिहितो. आधी पीएमएमसीवाल्यांना बोलू द्या.

---

हिरडी_गाल

वरच्या सरांशी सहमत. पुरुषात मी दुमडलेला पीएमएमसीच घेतला असता: स्तनाग्रासकट आडवं लांब पॅडल (स्नायूवरचा कातडीचा तुकडा), मधली सेंमी-दीड सेंमीची पट्टी एपिथेलियम (कातडीचा वरचा पापुद्रा) काढून दुमडायची. स्त्रीच्या छातीवर ते करू नये. कातडी आणि स्नायू यांच्यात तीन-चार सेंमी सैल चरबी असते, पर्फोरेटर तिच्यातून ताणले जातात आणि दुमडल्यावर बाहेरचं अर्धं पॅडल पहिल्याच रात्री निळं पडतं.

आतल्या अस्तरासाठीचा पीएमएमसी असा आखा. अॅक्रोमिअनपासून झिफॉइडपर्यंत (स्टर्नमच्या खालच्या टोकापर्यंत) एक रेघ. क्लॅव्हिकलच्या मध्यातून खाली एक लंब सोडा, तो पहिल्या रेघेला जिथे मिळतो तिथून पुढे थोरॅकोअॅक्रोमिअलची पेक्टोरल फांदी त्याच रेघेने खाली उतरते असं धरा. पॅडल या रेघेवर, स्तनाच्या आतल्या-खालच्या भागात आणि स्तनाखालच्या घडीजवळ ठेवा. तिथे चरबी सर्वांत पातळ असते. दोन पथ्यं. पॅडलची वरची कड चौथ्या फटीच्या खाली हवी, नाहीतर डीपीची खालची कड गेली. आणि पॅडलचं खालचं टोक स्नायूच्या शेवटापलीकडे रेक्टस शीथवर (पोटाच्या स्नायूच्या आवरणावर) २ सेंमीपेक्षा जास्त जाऊ नये, कारण तो भाग पुन्हा उसन्या रक्तावर.

क्रम महत्त्वाचा. डीपी आधी उचला. त्याची खालची रेघ हीच पीएमएमसीची वरची चीर. डीपी पेटीच्या झाकणासारखा स्टर्नमकडे उलटला की पेक्टोरॅलिस मेजर वरपासून खालपर्यंत उघडा दिसतो आणि वेगळी उभी चीर लागतच नाही. पॅडलच्या वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यापासून काखेच्या घडीकडे जाणारी चीर या रेघेला मिळवा. डीपी वापरायचा नसतो तेव्हाही आम्ही पीएमएमसी याच चिरेने करतो. पहिला फ्लॅप गेला तर हा राखीव पट्टा शाबूत असतो. पॅडलपासून क्लॅव्हिकलपर्यंत सरळ उभी चीर मारली की तो राखीव पट्टा कायमचा गेला, आणि ते बहुतेक वेळा दुसऱ्या ऑपरेशनच्या दिवशी लक्षात येतं.

पॅडलची कातडी कापताना सुरी बाहेरच्या बाजूला तिरपी ठेवा, म्हणजे खाली चरबीचा घेर जास्त येतो. स्नायू दिसताच पॅडलची कड ३-० व्हिक्रिलने स्नायूच्या आवरणाला चार-पाच ठिकाणी टाचा. जाड चरबीच्या रुग्णात हे टाके चुकवू नका. कातडी स्नायूवर सरकली की मधल्या वाहिन्या तुटतात आणि तो घाव डोळ्यांना दिसत नाही. मग खालून वर बरगड्यांवरून स्नायू उचला. पेक्टोरॅलिस मायनर खालीच राहील. दोन्ही स्नायूंच्या मधल्या पातळीत बोट फिरवलं की मेजरच्या पोटावर पेडिकल ठळक दिसतो, पिवळ्या चरबीच्या पट्टीत. एकदा तो दिसला की बाकी काम सोपं.

स्टर्नमकडून स्नायू सोडवताना कडेला २ सेंमीची पट्टी मागे ठेवा. डीपीचे पर्फोरेटर याच पट्टीतून वर येतात. चौथ्या फटीखाली ते कापले तरी चालतात, वर नाही. दंडाकडची जोडणी पूर्ण कापा, पेक्टोरल नर्व्हही कापा. नर्व्ह ठेवली तर स्नायू आखडतो, मानेवरचा फुगवटा जात नाही, आणि कधी कधी नर्व्हची ताणलेली दोरीच पेडिकलला काचते.

क्लॅव्हिकलवरून नेताना बोगदा चार बोटं सैल जाईल एवढा करा. क्लॅव्हिकलवर येणारा स्नायू रुंद ठेवू नका, पेडिकल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर स्नायू एवढंच. डीपी वापरताना याचं महत्त्व दुप्पट, कारण डीपीच्या बेसचा वरचा कोपरा याच उंचवट्यावरून वळतो. खाली जाड स्नायूची उशी असेल तर डीपी तिथेच पिळला जातो. वळवून आत नेल्यावर पेडिकलला पीळ पडला नाही ना, हे दोन जणांनी बघा.

आतलं पॅडल शिवून झालं की स्नायूची उघडी पाठ बाहेरच्या डिफेक्टमध्ये दिसेल. तीच डीपीची जमीन. या जोडीचं बळ इथेच आहे: डीपीचं टोक जिवंत स्नायूवर बसतं, तीन कडांनी कातडीतून आणि खालून स्नायूतून नव्या वाहिन्या शिरतात. इथे काही जण डीपी न घेता स्नायूच्या पाठीवर थेट स्प्लिट ग्राफ्ट लावतात. डीपीला टोक पुरत नसेल तर मीही तेच सुचवेन. पण ग्राफ्ट आकसतो, ओठाचा कोपरा खाली ओढतो आणि रेडिएशनमध्ये लवकर सोलवटतो.

मानेत दोन आणि छातीत दोन ड्रेन. पेडिकलवर ड्रेनची नळी आडवी येऊ देऊ नका.

---

पाचवी_बरगडी

आता पेडिकल.

साधा नियम तीन आठवड्यांचा आहे. पण दिवसावर विसंबू नका, तपासून कापा. एकविसाव्या दिवशी मऊ इंटेस्टिनल क्लॅम्प, टोकांवर रबरी नळी चढवून, पट्ट्याच्या बेसवर लावा आणि २० मिनिटं टोकाकडे बघत राहा. रंग टिकला, बोटाने दाबून सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत गुलाबी परतला, सुईच्या टोचणीला लाल थेंब आला, तर कापा. पांढरं पडलं किंवा जांभळं झालं तर क्लॅम्प काढा आणि आणखी पाच-सात दिवस थांबा. पूर्वी रेडिएशन झालेल्या मानेत थांबावं लागण्याची शक्यता जास्त.

कापल्यानंतर चौथी कड शिवायची असते, म्हणजे जिथे पूल (छातीपासून गालापर्यंतचा पट्टा) जोडलेला होता ती. तिथे चांगला मिलाफ दिसावा म्हणून फ्लॅप खालून सोडवायचा, चरबी तासायची, असा मोह होतो. त्या दिवशी टोक नव्या वाहिन्यांवर पहिल्यांदाच एकटं उभं असतं. सैल शिवा, कड थोडी जाड राहिली तरी राहू द्या. तासणं नंतर कधीही होतं.

आणि तुम्ही रेडिएशनचा उल्लेख केलात म्हणून ठळकपणे लिहितो. शस्त्रक्रियेपासून सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं. त्यातले तीन आठवडे डीपीचा पेडिकलच खातो. राहिलेल्या तीन आठवड्यांत कापलेली कड भरली पाहिजे, रेडिएशनचा मास्क (डोकं-मान स्थिर धरणारा साचा) तयार झाला पाहिजे, प्लॅनिंग झालं पाहिजे. मास्क पेडिकल कापण्याआधी करून उपयोग नाही, मानेचा आकारच बदलतो. म्हणजे टोकाची दोन सेंमी कातडी गेली तर ते दिसण्यापुरतं नुकसान नसतं, पुढची सगळी तारीख घसरते आणि ज्या आजारासाठी हा खटाटोप केला त्याचंच फावतं. म्हणूनच छातीवर पेन टेकवण्याआधी रेडिएशन विभागाशी तारखा बोलून घ्या.

---

वॉर्ड_नंबर_७

ओटीतलं सगळं वरच्या सरांनी लिहिलंय. मी पलंगाजवळचं लिहिते, कारण चांगला उचललेला फ्लॅप वॉर्डात जाऊ शकतो.

ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी गळ्यात घातलेल्या नळीची) नाडी मानेभोवती बांधायची नाही. आत पीएमएमसीचा पेडिकल आणि बाहेर डीपीचा पूल, दोन्ही त्या नाडीखाली येतात. नळीची पट्टी दोन्ही बाजूंनी कातडीला टाके घालून पक्की करून मागा, ओटीतून बाहेर येण्याआधीच. ऑक्सिजन मास्कचं इलॅस्टिकही तसंच, ते कानामागून फिरून पुलावर येतं.

डोकं सरळ किंवा फ्लॅपच्या बाजूला किंचित झुकलेलं. विरुद्ध बाजूला मान वळली की पूल ताणला जातो. फ्लॅपच्या विरुद्ध बाजूला गुंडाळलेली चादर लावून ठेवली तर झोपेत मान तिकडे वळत नाही. पलंगाची डोक्याकडची बाजू ३० अंश वर.

पहिले २४ तास दर तासाला, पुढचे २४ तास दर दोन तासांनी, नंतर चार तासांनी फ्लॅप बघायचा आणि लिहायचा. "फ्लॅप ठीक" असं लिहू नये. रंग, ऊब, दाबून सोडल्यावर किती सेकंदांत रंग परतला, सूज, हे चार रकाने. टॉर्च पांढऱ्या उजेडाचा हवा. पिवळ्या बल्बखाली निळसर रंग कळत नाही. आतलं पॅडल जीभ दाबायच्या पट्टीने गाल हलकेच सारून बघावं लागतं. बाहेरचा डीपी छान आहे म्हणून आतला बघायचा राहिला असं व्हायला नको.

निळसर, फुगलेला आणि दाबून सोडल्यावर एका सेकंदाच्या आत रंग परत येतो, म्हणजे शिरेकडून रक्त अडलंय. पांढुरका, गार, रंग परतायला वेळ लागतोय, म्हणजे धमनीकडून कमी पडतंय. दोन्हीत डॉक्टर येईपर्यंत हातात असलेल्या गोष्टी करायच्या: मान सरळ, ड्रेसिंग सैल, पुलाखाली उशी किंवा नळी अडकली आहे का ते बघणं, बीपी घेणं, ड्रेन चालू आहे का ते तपासणं. ड्रेनची बाटली रिकामी आणि मान फुगलेली असेल तर नळीत गुठळी आहे, आतलं रक्त पेडिकलवर दाबतंय. त्यासाठी सकाळच्या राउंडची वाट बघायची नाही.

डीपीच्या पुलाची खालची बाजू उघडी असते. तिला दररोज पॅराफिन गॉज आणि वर सैल कोरडं ड्रेसिंग. पूल आणि मानेची कातडी यांच्यामध्ये घाम आणि लाळ साचते, तिथे वास यायला लागला की समजावं गॉज बदलण्यात अंतर पडलंय. तीन आठवडे ही जागा सांभाळायची असते. पूल नळीसारखा शिवलेला असेल तर ड्रेसिंग कमी लागतं, पण जाड कातडीत ती शिवण स्वतःच काच आणते. टाक्यांजवळ कातडी चकचकीत ताणलेली दिसली तर डॉक्टरांना दाखवावं.

नळीतून खाणं: २०० मिली दर दोन तासांनी, आधी नळी जागेवर आहे का बघून, शेवटी ३० मिली पाणी. तोंडातली लाळ मऊ कॅथेटरने ओढताना टोक टाक्यांवर आपटू द्यायचं नाही.

आणि नातेवाइकांना स्वच्छ शब्दांत सांगायचं. बाईंचा पदर किंवा शाल पुलावरून घ्यायची नाही. थंडी असली तरी मफलर, कानटोपी नाही; कानटोपीची नाडी हनुवटीखाली नेमकी पुलावर बसते. छातीवरून आलेल्या कातडीला संवेदना नसते, त्यामुळे गरम पाण्याची पिशवी, शेक, दिव्याची ऊब यातलं काहीही नाही, भाजलेलं त्यांना कळतच नाही. मिश्रीची डबी उशाखाली सापडते. "तोंड उघडत नाही, नुसती बोटाने लावते" असं सांगतात, पण तंबाखूने वाहिन्या आकसतात आणि टोक तेवढ्यावरही जाऊ शकतं. घरी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकीला हे सांगितलेलं बरं, कारण डबी आणून देणारं माणूस प्रेमानेच देतं.

---

तिसरं_वर्ष

सर, सिस्टर, मनापासून आभार. बायपास किंवा पेसमेकर नाही, छातीवर रेडिएशन नाही. गॉज पट्टीने मोजून बघितलं. खूण डेल्टॉइडच्या पुढच्या गोलाईवर येतेय, मागे जात नाही.

दोन शंका राहिल्या. इतकं करूनही तिसऱ्या-चौथ्या दिवशी टोक काळसर झालं तर? आणि ज्या ठिकाणी गळ्याला भोक पडून लाळ बाहेर येते, म्हणजे लॅरिंजेक्टॉमीनंतरचा (स्वरयंत्र काढल्यानंतरचा) फिश्चुला, तिथेही डीपी वापरतात असं वाचलंय. ते अजून योग्य आहे का?

---

पाचवी_बरगडी

टोक काळसर झालं तर आधी काय गेलंय ते ओळखा. फोड येऊन वरचा पापुद्रा गेला आणि खाली गुलाबी, ओलसर थर दिसतोय, तर फक्त ड्रेसिंग. कोरडं, चामड्यासारखं, टोचल्यावर रक्त नाही, तर ती जाडी पूर्ण गेली आहे. तरीही लगेच कापू नका. सात ते दहा दिवसांत जिवंत-मेल्याची रेघ स्पष्ट होते. तिसऱ्या दिवशी कापणारा जिवंत कातडीही घेऊन जातो. ओलं, दुर्गंधी येणारं झालं तर मात्र थांबायचं नाही.

पूल अजून कापलेला नसतो, हा डीपीचा मोठा फायदा. मेलेलं टोक काढा, टाके सोडवा आणि पट्टा दीड-दोन सेंमी पुढे ओढून नव्याने शिवा. दोन बोटं जास्त लांबी घ्यायला सांगितली ती यासाठीच. पण मग एकवीस दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. जुन्या तारखेला पूल कापलात तर उरलेलंही जाईल. कॅलेंडरमध्ये तेवढी जागा नसेल तर पुढे ओढू नका; खाली स्नायू जिवंत असेल तर त्यावर ग्राफ्ट लावा आणि रेडिएशनची तारीख वाचवा.

फिश्चुलाबद्दल: डीपीचा जन्मच घसा आणि अन्ननलिका पुन्हा घडवण्यासाठी झाला. बकमजियन यांनी १९६५ मध्ये बफेलोमधून जो प्रसिद्ध केला तो दोन टप्प्यांत घशाची नळी बनवण्यासाठीच. एरियन यांनी १९७९ मध्ये पीएमएमसी मांडला आणि एका बैठकीत काम होऊ लागलं, तसा डीपी मागे पडला. आज रेडिएशन झालेल्या घशाच्या फिश्चुलात पहिली निवड पीएमएमसीची. तिथे जिवंत स्नायू आणून भोक बंद करायचं असतं आणि कॅरोटिड (मानेतली मोठी धमनी) झाकायची असते. नुसती कातडी ते करू शकत नाही. रेडिएशननंतरच्या लॅरिंजेक्टॉमीत काही जण पहिल्याच दिवशी कातडीशिवाय नुसता पेक्टोरॅलिस स्नायू घशाच्या शिवणीवर पांघरतात, तो याच कारणाने. डीपी बाहेरच्या कातडीसाठी ठेवा.

---

हिरडी_गाल

याला एक जोड. ट्रॅकिओस्टोमाच्या (श्वासासाठी गळ्यात केलेल्या छिद्राच्या) भोवतीची किंवा मानेच्या खालच्या भागातली कातडी हवी असेल तर डीपीचाच आतला तुकडा दुसऱ्या फटीतल्या एकाच पर्फोरेटरवर बेटासारखा उचलता येतो. पूल नाही, दुसरं ऑपरेशन नाही, पातळ कातडी, आणि छाती सरळ शिवून बंद होते. इंटर्नल मॅमरी पर्फोरेटर फ्लॅप म्हणतात त्याला. गालापर्यंत पोचत नाही, त्यामुळे तुमच्या रुग्णात उपयोग नाही. पण वरची २ सेंमीची पट्टी सांभाळली तर पुढे कधी लागला तर मिळेल.

---

खांदा_सैल

फिजिओथेरपीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. या बाईंचा एकाच बाजूचा पेक्टोरॅलिस गेलेला, खांद्यावर ग्राफ्ट, आणि मानेच्या डिसेक्शनमध्ये अॅक्सेसरी नर्व्ह (खांदा उचलणाऱ्या स्नायूची नस) ओढली गेली असण्याची शक्यता. तीन आठवडे हात छातीशी ठेवला तर खांदा गोठतो, आणि मग रेडिएशनच्या टेबलावर मास्कमध्ये खांदे खाली ओढून झोपणंच जमत नाही. पहिल्या दिवसापासून बोटं, मनगट, कोपर. पाचव्या दिवशी ग्राफ्ट धरलेला दिसला की आणखी दोन-तीन दिवसांनी खांद्याची हलकी लोंबती हालचाल, पण ९० अंशांच्या वर हात न्यायचा नाही. पूल कापून आठवडा झाला की भिंतीवर बोटं चढवणं.

---

तिसरं_वर्ष

सगळं मिळून तारखा अशा बसवल्या आहेत. शून्यावा दिवस शस्त्रक्रिया. पाचव्या दिवशी खांद्याचा ग्राफ्ट उघडणार. आठव्या ते दहाव्या दिवशी तोंडाबाहेरचे टाके. एकविसाव्या दिवशी क्लॅम्प लावून तपासणी आणि चालला तर पेडिकल. अठ्ठाविसाव्या दिवशी मास्क. पस्तिसाव्या दिवशी रेडिएशन सुरू, म्हणजे बेचाळीस दिवसांच्या मर्यादेत एक आठवडा हातात. दंतचिकित्सा मास्कच्या आधीच्या आठवड्यात ठेवली आहे, उरलेल्या जबड्यात दोन किडके दात आहेत.

---

हिरडी_गाल

दात तिथे ठेवू नका. रेडिएशनआधी दाताची जागा भरायला १० ते १४ दिवस लागतात. बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी काढायचे तर पूल कापल्या-कापल्या तोंड ताणून उघडावं लागेल, आणि जागा भरते न भरते तोच पस्तिसावा दिवस येऊन ठेपेल. शून्याव्या दिवशी भूल दिलेलीच आहे, जबडा समोर उघडा आहे. दोन्ही दात तेव्हाच काढा, सॉकेटची टोकदार कड घासा, एक टाका घाला. दंतवैद्यांना आदल्या दिवशी तपासायला बोलवा आणि नेमके कुठले दात ते केस पेपरवर लिहून घ्या.